तीन खाती आणि एक विहीर

गेल्या आश्विन वद्य पंचमीस आम्ही सहकुटुंब गुरुकुंज मोझरीस गेलो होतो. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यात, हे स्थान आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापिला, आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. त्या तिथीच्या सुमारास दरवर्षी येथे मोठा उत्सव होतो व वऱ्हाड-नागपुराच्या खेड्यापाड्यांतून माणसांची रीघ लागते. पुण्यतिथीच्या दिवशी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे महाराजांच्या निर्वाणाच्या नेमक्या क्षणी, तो अफाट समुदाय उभ्या जागी स्तब्ध होतो. ज्यांनी तो प्रसंग पाहिला आहे त्यांस त्याचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांस ते सांगून कळणार नाही. आम्ही त्याविषयी लिहिणार नाही. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्या दिवशी तेथे पडलेल्या एका गाठीविषयी, आणि त्या गाठीने मनात पुन्हा जागी झालेल्या एका जुन्या गोष्टीविषयी. विषय तसा रुक्ष आहे. एकाच कचेरीतील निरनिराळ्या खात्यांत बेबनाव का होतो, व तो झाला असता काय करावे, हा तो विषय होय. परंतु आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी चाकरी करीत असल्यामुळे, आणि घर हीदेखील दोन-तीन खात्यांची एक कचेरीच असल्यामुळे, तो अगदीच परका वाटू नये अशी आमची समजूत आहे.

आमची सारी हयात हिशेबखात्यात गेली. ज्या संस्थेत गेली तिचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. वऱ्हाडातील एक शिक्षणसंस्था, तिची शाळा, आणि शाळेला जोडलेले शेदीडशे मुलांचे वसतिगृह, एवढे पुरे. संस्थेत लहानमोठी खाती पुष्कळ होती, परंतु नित्याचा संबंध तिघांचा. कोठी, म्हणजे मालाची खरेदी व साठवण पाहणारे खाते. देखभाल, म्हणजे इमारती, विहीर, पंप, दिवे यांचे खाते. आणि हिशेब, म्हणजे आम्ही. तिन्ही कचेऱ्या एकाच लांब ओसरीवर होत्या. आमच्या दारापासून कोठीच्या दारापर्यंत चाळीस पावलेदेखील नव्हती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

हिशेबनिसाचा धंदाच असा आहे की त्याच्यावर लोकांचा लोभ बसत नाही. दुसऱ्याने मागावे आणि त्याने का म्हणून विचारावे, हेच त्याचे काम. कोठीप्रमुखांस वाटे, मुले उपाशी बसली तरी यांस पावती हवी. आम्हांस वाटे, पावतीवाचून माल घेण्याची सवय लागली म्हणजे आज नाही तर उद्या संस्था बुडेल. देखभालवाल्यांस उभयतांविषयी वाटे की हे सावलीत बसून लिहितात आणि उन्हात शिडीवर आम्ही चढतो. खरे पाहता तिघांचेही म्हणणे बरोबर होते. खात्याखात्यांतील भांडणाचे हेच वैशिष्ट्य आहे. दोन चोरांचे भांडण समजण्यास सोपे असते; दोन प्रामाणिक माणसांचे भांडण मिटविणे कठीण, कारण दोघांपाशीही आपापले सत्य असते आणि ते सोडणे म्हणजे आपले काम सोडणे असे प्रत्येकास वाटते.

१९८७ च्या पावसाळ्यातील गोष्ट. वसतिगृहाच्या विहिरीत टाकावयाचे जंतुनाशक चूर्ण, ज्यास सारे ब्लीचिंग पावडर म्हणतात, ते संपत आले. कोठीने खरेदीचे टिपण आमच्याकडे पाठविले. किंमत दीडशे रुपयांच्या आत होती. आम्ही त्यावर शेरा मारला : ‘तीन दरपत्रके जोडून फेरसादर करावे.’ टिपण परत गेले. कोठीत ते काही दिवस राहिले, आणि तेथून देखभाल खात्याकडे गेले, कारण कोठीने विचारले होते की विहिरीस पावडर किती लागते याचे प्रमाण त्या खात्याने लेखी कळवावे. देखभालीने उत्तर दिले की पंप चालविणे हे आपले काम असून पाण्याची शुद्धता हे वसतिगृहाच्या अधीक्षकांचे काम होय. अधीक्षक त्या आठवड्यात रजेवर होते. अशा रीतीने दीडशे रुपयांचा तो कागद चाळीस पावलांच्या ओसरीवर एकोणीस दिवस हिंडत राहिला. इकडे पावसाची झड लागली, ओढ्याचे गढूळ पाणी विहिरीत झिरपले, आणि एके रात्री मुलांना ओकाऱ्या व जुलाब सुरू झाले. अकरा मुले आजारी पडली. दहा बरी झाली व चार-सहा दिवसांत वर्गात बसू लागली. अकरावा एका शेतमजुराचा मुलगा होता. त्याला इस्पितळात आठ दिवस काढावे लागले. त्याचा बाप आला, हात जोडून सर्वांस नमस्कार केला, आणि मुलाला घेऊन गावी गेला. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. गणितात त्याचे डोके चांगले चालत असे, असे त्याचे मास्तर पुढे कितीतरी दिवस म्हणत.

चौकशी झाली. प्रत्येक खात्याने आपापले कागद पुढे ठेवले. आमचा शेरा नियमास धरून होता. कोठीचा प्रश्न नियमास धरून होता. देखभालीचे उत्तरही नियमास धरूनच होते. तिन्ही खाती निर्दोष ठरली आणि शाळा सोडून गेलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी करण्यात आले. त्या दिवसापासून कोठीप्रमुखांचे आणि आमचे बोलणे बंद झाले. ते आपल्या मनात आम्हांस दोष देत, आम्ही आमच्या मनात त्यांस देत होतो. पुढे उभयता आपापल्या वेळी सेवानिवृत्त झालो, आणि निरोपाच्या समारंभासही एकमेकांच्या गेलो नाही.

चाकरीतून मोकळे झाल्यावर या गोष्टीचा विचार करण्यास आम्हांस सवड मिळाली. प्रथम आम्हांस वाटे की सारा दोष खाती पाडण्याचाच आहे. एकाच माणसाच्या हाती सर्व असते तर असे झाले नसते. परंतु इतिहास वाचू लागल्यावर हे मत टिकेना. शिवछत्रपतींच्या राज्यात गडकोटांची व्यवस्था कशी होती, ती सभासदाच्या बखरीत सांगितली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी सारख्या दर्जाचे असत, व तिघांनी मिळून एक कारभार करावा असा दंडक होता. धान्य व सामानसुमान यांचा बंदोबस्त कारखानिसाकडे असे. एकट्या माणसाच्या हाती गड दिला, आणि त्याची बुद्धी फिरली, तर गड गेला. तिघे असले म्हणजे एकाची दुसऱ्यावर नजर राहते. राज्याचे अठरा कारखाने आणि बारा महाल निरनिराळे होते, आणि १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांची कामे वेगवेगळी नेमून दिलेली होती. म्हणजे खाती पाडणे हा काही इंग्रजी अमलाने आणलेला रोग नव्हे. हिशेबनिसाने का म्हणून विचारावे यासाठीच त्याला नेमलेले असते. तो विचारीनासा झाला तर त्याचा पगार फुकट म्हणावयाचा. तेव्हा खात्याखात्यांत मतभेद होणे हे व्यवस्थेचे लक्षण आहे. व्यवस्था बिघडल्याचे नव्हे.

मग बिघडते कोठे? आमच्या मते सभासदाने नोंदविलेल्या त्या दंडकाचा उत्तरार्ध विसरल्याने बिघडते. तिघे असावेत, हा पूर्वार्ध. तिघांनी मिळून एक कारभार करावा, हा उत्तरार्ध. आमच्या ओसरीवर तिघे होते, पण कारभार तीन होते. गडाच्या तिघांस निदान हे तरी ठाऊक होते की शत्रू खाली आहे. आमचा शत्रू त्या वेळी विहिरीत होता आणि आम्ही मात्र तो शेजारच्या खोलीत शोधीत होतो.

पाश्चात्य लोकांनीही या प्रश्नाचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. फ्रान्समधील हेन्री फेयॉल हे खाणीचे इंजिनियर. त्यांनी एका मोठ्या खाण-कंपनीचा कारभार तीस वर्षे पाहिला आणि १९१६ साली आपला अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ते म्हणतात की अधिकाराची शिडी आवश्यक आहे खरी, परंतु दोन शेजारच्या खात्यांतील माणसांनी एकमेकांस काही विचारावयाचे झाल्यास एकाने शिडीच्या टोकापर्यंत चढावे आणि तेथून दुसऱ्या बाजूने खाली उतरावे, यात व्यर्थ कालहरण होते. वरिष्ठांच्या संमतीने त्या दोघांच्या दरम्यान एक पूल टाकावा, त्यांनी परभारे बोलून काम उरकावे, आणि काय ठरले ते वरिष्ठांस कळवावे. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांस आमची ओसरी आठवली. आमच्याकडे पूल बांधण्याचीही गरज नव्हती. तो बांधलेलाच होता, फरशीचा, चाळीस पावलांचा. त्यावरून कागद येत-जात होता, माणूस मात्र गेला नाही.

अमेरिकेत मेरी पार्कर फॉलेट नावाच्या एक विदुषी होऊन गेल्या (१८६८–१९३३). त्यांनी १९२५ च्या एका व्याख्यानात असे प्रतिपादन केले की भांडण मिटविण्याचे मार्ग तीन : एकाने दुसऱ्यास दडपणे, दोघांनी थोडे थोडे सोडून तडजोड करणे, आणि दोघांचीही खरी गरज भागेल अशी तिसरीच वाट काढणे. त्यांनी दिलेला दाखला मोठा घरगुती आहे. त्या एका ग्रंथालयात बसल्या असता शेजारच्या गृहस्थास खिडकी उघडी हवी होती व बाईंस ती बंद हवी होती. अर्धी उघडी ठेवून तडजोड करता आली असती, आणि मग दोघेही अर्धे नाराज राहिले असते. परंतु विचारता असे निघाले की गृहस्थास मोकळी हवा हवी होती आणि बाईंस अंगावर थेट वारा नको होता. मग शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली आणि काम झाले. यातील मर्म ‘विचारता’ या एका शब्दात आहे. आम्ही कोठीस कधी विचारलेच नाही की तुम्हांस ही पावडर केव्हापर्यंत पाहिजे. आम्ही फक्त काय हवे ते वाचले, आणि काय जोडले नाही ते लिहिले.

तिसरा दाखला १९५४ सालचा आहे. मुझफर शेरीफ हे मूळचे तुर्कस्थानातील मानसशास्त्रज्ञ. त्यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतात अकराबारा वर्षांच्या बावीस मुलांच्या दोन टोळ्या करून त्यांचे एक शिबिर भरविले. सामने लावताच टोळ्यांत हाडवैर माजले. निशाणे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग दोन्ही टोळ्यांस एकत्र जेवावयास बसविले, एकत्र चित्रपट दाखविला. परिणाम इतकाच की जेवताना अन्न एकमेकांच्या अंगावर फेकण्यात आले. परंतु शिबिराचे पाणी बंद पडले आहे असे योजून सर्वांस मिळून बिघाड शोधावयास लावले, मालमोटार अडल्याचे दाखवून सर्वांस मिळून दोराने ती ओढावयास लावली, अशी कामे एकामागून एक पडू लागली, तेव्हा वैर हळूहळू निवळले. याचा अर्थ असा की नुसते स्नेहसंमेलन, चहापान अथवा सहल यांनी खाती जवळ येत नाहीत. ज्या कामात एकास दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही असे काम, आणि ते काम सर्वांचे आहे ही जाणीव, ही त्यांस जवळ आणतात. त्या मुलांस पाण्याने एक केले. आमच्या हाती खरीखुरी विहीर होती, आणि तिने आम्हांस मात्र दूर केले. कारण ती आमच्यापैकी एकाचीही नव्हती.

हे सर्व वाचलेले डोक्यात होते. गुरुकुंजात त्याला हात-पाय फुटलेले दिसले. उत्सवाच्या दिवसांत तेथे किती पंगती उठतात याची मोजदाद आम्ही केली नाही. आमच्या घरातील मंडळींस स्वस्थ बसण्याची सवय नसल्याने त्या भाजी चिरणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या, आणि आम्हीही संकोच सोडून जवळच वाटाण्याच्या शेंगा सोलीत बसलो. डोक्यास भगवी टोपी घातलेले सेवक इकडून तिकडे जात होते. कोणी चुलीपाशी, कोणी पाण्यापाशी, कोणी वाढण्यास, कोणी झाडण्यास. आमची हिशेबी नजर जुनी. ती आपोआप खाती मोजू लागली. आणि मग आम्हांस एक गोष्ट दिसली. एक वाढपी रिकामी बादली घेऊन आला. भात अजून चुलीवर होता. आमच्या कचेरीत हे झाले असते तर वाढप्याने आचाऱ्याच्या नावे तक्रार लिहिली असती. येथे त्याने बादली खाली ठेवली, चुलीच्या तोंडाशी बसला, दोन लाकडे आत सारली, आणि आचाऱ्याशी काही बोलत भात होईपर्यंत तेथेच थांबला. भात झाल्यावर तो भरून घेऊन गेला. चूल त्याची नव्हती. पण पंगतीत बसलेला माणूस त्याचा होता, आणि आचाऱ्याचाही तोच होता.

हे आम्ही एका वृद्ध सेवकापाशी बोललो. ते हसले व म्हणाले, ‘‘इथं काम वाटून घ्यायचं असते जी, माणूस वाटून घ्यायचा नसते.’’ एवढे बोलून ते झाडू उचलून निघूनही गेले. आम्ही मात्र वाटाण्याची शेंग हातात धरून कितीतरी वेळ तसेच बसलो.

महाराजांनी १९५५ साली सिद्ध केलेली ग्रामगीता एकेचाळीस अध्यायांची आहे. तिच्यात ‘सेवा सामर्थ्य’, ‘संघटन शक्ती’, ‘श्रम संपत्ती’, ‘ग्राम कुटुंब’ अशी अध्यायांची नावे आढळतात. उत्सवास व यात्रांसही त्यात निराळे अध्याय दिलेले आहेत. गाव हे एक कुटुंब, आणि त्यातील सुतार, कुंभार, मास्तर, शेतकरी ही त्याची अंगे, हे त्यांच्या शिकवणीचे सूत्र. आश्रमात सकाळी सामुदायिक ध्यान व सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते. प्रार्थनेसमोर विशिष्ट देवाची मूर्ती नसते, अधिष्ठान असते. कोणत्याही पंथाच्या माणसास तेथे आपले उपास्य पाहता यावे हा त्यातील हेतू. आमच्या मनात मात्र त्या दिवशी निराळाच विचार आला. कोणत्याही कचेरीत, प्रत्येक टेबलासमोर, अशी एक जागा मोकळी ठेवावी, आणि ज्याच्यासाठी ती कचेरी चालते त्याला तेथे मनाने बसवावे : शाळेत विद्यार्थी, इस्पितळात रोगी, गिरणीत गिऱ्हाईक. शेरा मारण्यापूर्वी त्या जागेकडे एकवार पाहावे. १९८७ साली आमच्या टेबलासमोर तो शेतमजुराचा मुलगा बसलेला आम्हांस दिसता, तर आमच्या लेखणीने काय लिहिले असते?

अशा विचारात असतानाच स्तब्धतेची वेळ झाली. आम्ही समुदायात उभे राहिलो. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे झाली आणि इतका वेळ गजबजलेला तो परिसर निःशब्द झाला. ती स्तब्धता संपून लोक हलू लागले तेव्हा आमच्या उजव्या हातास उभ्या असलेल्या एका पिकल्या मिशीच्या गृहस्थाने आमच्याकडे वळून पाहिले व म्हटले, ‘‘काहून जी, वयखलं नाही काय?’’

ते आमचे कोठीप्रमुख होते.

आम्हांस काय बोलावे हे सुचेना. तेच म्हणाले, चला, चहा घेऊ. रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या बाकड्यावर आम्ही बसलो. मुलानातवंडांची विचारपूस झाली. त्यांचा मुलगा अकोल्यास असतो. यंदा कपाशीला भाव कसा, पाऊस किती, हेही झाले. मग ते कपाकडे पाहत म्हणाले, ‘‘तुमाले एक सांगाचं हाये. तो कागद चार दिवस माह्या टेबलावर होता. पावडर संपली हे मले ठाऊक होतं. पर तुमच्या शेऱ्याचा राग आला होता, म्हणून मुद्दाम ठेवला जी. कोणालेच सांगतलं नाही आजवर.’’

आम्ही त्यांस काय उत्तर दिले ते येथे लिहिणे आम्हांस प्राप्त आहे. नाहीतर हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही म्हणालो, ‘‘दोनशे रुपयांच्या आतील खरेदीस तीन दरपत्रके लागत नव्हती. नियम तसा होता, आणि तो मला ठाऊक होता. महिन्याभरापूर्वी सर्वांदेखत तुम्ही मला ‘कारकून’ म्हणून हिणवले होते. म्हणून मी तो शेरा मारला.’’

चौकशीत कागद तपासले गेले होते. मने कोणी तपासली नव्हती. कागदावर आमचा शेरा शिस्तीचा दिसत होता, कारण चौकशी करणाऱ्याने तो दोनशे रुपयांचा नियम काढून पाहिला नाही, आणि आम्ही तो दाखविला नाही. इतकी वर्षे आम्ही ज्याला खात्यांचे भांडण म्हणत आलो, ते मुळात दोन माणसांच्या मानापमानाचे होते. त्याने खात्याचा अंगरखा घातला होता एवढेच. अंगरखा घातला की राग हा तत्त्वासारखा दिसू लागतो, आणि नियम हा हातातील काठी होतो. तो गृहस्थ काही वेळ बोलला नाही. मग त्याने आमच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघेही म्हातारे तेथे बराच वेळ तसेच बसून राहिलो. त्या मुलाच्या गावाचे नाव दोघांसही आठवत होते. त्याचे पुढे काय झाले हे दोघांसही ठाऊक नव्हते.

आता जे कोणी हल्ली कामावर आहेत त्यांस, उपदेशक म्हणून नव्हे तर ठेच लागलेला मनुष्य म्हणून, चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते. पहिली गोष्ट अशी की कागद परत पाठविण्यापूर्वी स्वतः उठून जावे. लेखी शेऱ्यास वास नसतो, चव नसते; तो वाचणारा आपल्या मनातील आवाज त्यात भरतो, आणि तो आवाज बहुधा उर्मट असतो. समोरासमोर बोललेला नकारही लेखी नकाराहून सौम्य लागतो. बोलणे झाल्यावर मग खुशाल लिहावे. लिहिणे तर हवेच, नाहीतर हिशेबनिसाचे पोट कसे भरावे?

दुसरी गोष्ट, काही उणे असेल ते सारे एकाच वेळी सांगावे, आणि त्याजबरोबर तारीख घालावी. एक उणीव आज, दुसरी आठ दिवसांनी, असे काढीत बसणे यास तपासणी म्हणत नाहीत, सूड म्हणतात. तिसरी गोष्ट, प्रत्येक कामास, ते कितीही खात्यांतून जावयाचे असो, एक धनी असावा, आणि ते शेवटास जाईपर्यंत त्याने त्याच्या मागे हिंडावे. विवाहात वरपक्ष, वधूपक्ष, आचारी, मंडपवाला, वाजंत्री अशी पाच खाती असतात. तरी कार्य पार पडते ते एखाद्या मामाच्या अथवा आत्याबाईंच्या जिवावर. त्यांचे काम कोणतेच नसते आणि सर्व कामे त्यांची असतात. आमच्या त्या विहिरीला असा मामा नव्हता.

चौथी गोष्ट, शक्य तेथे माणसांस काही काळ एकमेकांच्या जागी बसवावे. आम्ही एक महिना कोठी सांभाळली असती, तर सकाळी सहाला दूधवाल्याशी हुज्जत घालणे म्हणजे काय ते आम्हांस कळले असते. आमच्या मातोश्री घरातील कोठीच्या किल्ल्या कमरेस बाळगीत. नव्या सूनबाई घरात आल्या तेव्हा वर्षभर स्वयंपाकघर आणि कोठी यांत रोज कुरबुर चाले : तूप फार लागते, तूप पुरेसे मिळत नाही. एकदा मातोश्री पंधरा दिवस अंथरुणास खिळल्या आणि किल्ल्या सूनबाईंकडे आल्या. महिनाअखेरीस तुपाचा डबा त्यांस स्वतः पुरवावा लागला, आणि तिकडे मातोश्रींस पथ्याचे म्हणून कमी तूप मिळाले तेव्हा त्याही बोलल्या. पुढे किल्ल्या परत गेल्या, पण तुपावरून घरात पुन्हा शब्द निघाला नाही. घरात ही अदलाबदल आजारपणाने झाली. कचेरीत ती समजून-उमजून करता येईल.

आणि या चारींच्या आधी एक गोष्ट आहे, तिला क्रमांक देत नाही. लेखणी उचलताना आपण आपल्याशीच विचारावे की हा शेरा नियम लिहीत आहे की आपला राग? हा प्रश्न कोणताही चौकशी-अधिकारी आपणांस विचारू शकणार नाही. तो ज्याचा त्यानेच विचारावयाचा असतो, आणि तोही वेळेवर. आम्ही तो विचारला, परंतु तेव्हा आम्ही सत्तरी ओलांडली होती आणि समोर चहाचा रिकामा कप होता.

त्या संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर आम्ही उभयता पुन्हा स्वयंपाकाच्या जागी गेलो. कोठीप्रमुखांस तेथील सारे लोक ओळखत होते. निवृत्तीपासून ते दरवर्षी येतात आणि धान्य निवडण्यास बसतात, असे कळले. त्यांनी एक सूप आमच्याकडे सरकविले, एक स्वतः घेतले. खडे कोणाच्या सुपात किती निघाले याचा हिशेब त्या दिवशी कोणी ठेवला नाही.